धान्यावाचूनचे जेवण

हल्ली शहरांतील कित्येक घरी रात्रीच्या जेवणाचा एक नवा प्रकार रूढ होत चालला आहे. अख्खी कोंबडी मीठ, लोणी, लसूण व लिंबू चोळून, तिच्या पोटात रोझमेरी, थाइम यांसारख्या सुवासिक पाल्याच्या काड्या भरून ओव्हनमध्ये तांबूस होईपर्यंत भाजावयाची. सोबतीस फ्लॉवर, फरसबी किंवा कोबी घ्यावयाचा. आणि भात, पोळी, भाकरी, बटाटा यांपैकी काहीही पानात येऊ द्यावयाचे नाही. पिष्टमय पदार्थ, म्हणजे ज्यांस आता कर्बोदके म्हणतात ते, शक्य तितके कमी करणे हा या जेवणाचा हेतू असतो. कोणी हे वजन उतरावे म्हणून करतो, तर कोणी रक्तातील साखर वाढली असे डॉक्टरांनी सांगितल्यावर करतो. घरातील वडील मंडळींस मात्र हे जेवण म्हणजे जेवणच वाटत नाही. "पोटात भाकरी गेली नाही, मग जेवलास काय?" हा प्रश्न अशा घरी एकदा तरी उठतोच.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही असे आम्हांस वाटते. ज्या भाषेत अन्न म्हणजे प्रथम भात, आणि ज्या प्रांतात उपजीविकेस भाकरी हेच दुसरे नाव, तेथे भाकरी वगळून उठणे ही लहान गोष्ट नव्हे. या जेवणाची दोन्ही अंगे, म्हणजे सुवासिक पाल्यासह भाजलेली कोंबडी हे एक आणि पानातून धान्य काढून टाकणे हे दुसरे, दिसतात तितकी नवी नाहीत. दोहोंचाही इतिहास जुना आहे व दोहोंतही धान्याचा संबंध वारंवार येतो. तो इतिहास थोडक्यात सांगावा व त्यावरून या जेवणाविषयी काय समजावे हे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभ कोंबडीपासूनच करू. आपल्या खुराड्यातील कोंबडी ही दक्षिण व आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबड्याची वंशज होय. ती माणसाळली केव्हा याविषयी पूर्वी फार मतभेद होते, व हा काळ कित्येक सहस्रके मागे नेण्याकडे विद्वानांचा कल असे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो बराच अलीकडे आणला. पाळीव कोंबडीची निःसंशय म्हणावी अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळी सापडली असून त्यांचा काळ इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० असा ठरतो. त्याहून महत्त्वाचे ते या संशोधकांनी दिलेले कारण. भात व बाजरीसारखी तृणधान्ये पिकू लागली, खळ्यांवर व कोठारांभोवती दाणे सांडू लागले, तेव्हा बांबूच्या बेटांत व झाडांवर राहणारा हा पक्षी त्या दाण्यांच्या ओढीने खाली उतरून माणसाच्या वस्तीशी सलगी करू लागला. म्हणजे माणसाने रानात जाऊन कोंबडी धरून आणली यापेक्षा धान्याने ती अंगणात आणली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

हा पक्षी पश्चिमेकडे जात जात रोमपर्यंत पोहोचला, आणि तेथे त्याच्यावरून चक्क कायदा करण्याची वेळ आली. इसवी सनापूर्वी १६१ साली रोममध्ये फॅनियस या कॉन्सलच्या नावाने भोजनातील उधळपट्टीस आळा घालणारा एक निर्बंध मंजूर झाला. एका जेवणात एकाच कोंबडीपलीकडे दुसरा पक्षी वाढू नये, आणि ती कोंबडीही मुद्दाम चारून पुष्ट केलेली नसावी, असे त्यात एक कलम होते. प्लिनी हा ग्रंथकार याची हकीकत देतो व लोकांनी काढलेली पळवाटही सांगतो. कायद्यात शब्द कोंबडीचा होता. तेव्हा दुधात भिजवलेले अन्न चारून कोंबडेच पुष्ट करण्यास प्रारंभ झाला. यातील विनोद बाजूस ठेवला तरी कायदा करणाऱ्यांची दृष्टी अचूक होती असे म्हटले पाहिजे. उधळपट्टी पक्ष्यात नाही, त्याला चारलेल्या धान्यात आहे, हे त्यांनी ओळखले होते. माणसाच्या तोंडचे अन्न पक्ष्याच्या चोचीत घालून, त्यातून उरेल तेवढे मांस पुन्हा माणसाने खावे, हा व्यवहार श्रीमंतांसच परवडणारा होता.

सुवासिक पाल्याची कथाही इतकीच जुनी आहे. आपिसियसच्या नावावर चालत आलेल्या रोमन पाकग्रंथात कोंबडीच्या अनेक कृती आहेत. त्यांपैकी 'पार्थियन' म्हणून जी सांगितली आहे तीत मिरी, शहाजिऱ्याच्या जातीचे बी व मद्य यांबरोबर हिंगाच्या जातीचा डिंकही येतो. आपल्या फोडणीतील वासाचा हा दूरचा आप्त दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कोंबडीस लागत होता. पुढे इसवी सन ८०० च्या सुमारास शार्लमेन बादशहाच्या जहागिरींच्या व्यवस्थेसाठी जे नियम लिहिले गेले, त्यांत मोठ्या वाड्यांवर निदान १०० व लहान वाड्यांवर निदान ५० कोंबड्या असाव्यात असे फर्मान आहे. आणि त्याच नियमांच्या शेवटी बागेत लावावयाच्या वनस्पतींची जी लांबलचक यादी आहे तीत सेज, रोझमेरी व अजमोद्याच्या जातीचा पाला यांची नावे आढळतात. युरोपीय स्वयंपाकातील कोंबडी आणि तिच्या पोटातील पाला यांची जोडी बारा शतकांपूर्वी एकाच कागदावर येऊन बसली होती, हे यावरून दिसते. हा पाला आपल्याला परका वाटतो, पण तितका तो परका नाही. थाइमच्या पानास जो तिखट, औषधी वास येतो तो मुख्यतः ज्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य आपल्या ओव्यात असते. काष्ठौषधींच्या दुकानात ओव्याचे फूल म्हणून जे स्फटिक मिळतात ते हेच होत.

आता भाजण्याच्या क्रियेकडे वळू. कोंबडी शिजवणे व कोंबडी भाजणे यांत केवळ चवीचा भेद नाही. त्यात ऐपतीचा भेद आहे. फ्रान्सचा राजा चौथा आंरी याने, आपल्या राज्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या भांड्यात रविवारी कोंबडी शिजावी अशी इच्छा व्यक्त केली, ही आख्यायिका सुप्रसिद्ध आहे. तो खरोखर तसे बोलला असो वा नसो, आख्यायिकेतली कोंबडी भांड्यातली आहे, सळईवरची नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अंडी देऊन थकलेली जून कोंबडी भांड्यात तासन्‌तास शिजू शकते. तिचे सत्त्व रश्शात उतरते, त्या रश्शात पाव बुडवून सारे कुटुंब जेवते, आणि चरबीचा एक थेंबही वाया जात नाही. सळईवर भाजावयास कोवळा, अंगाने भरलेला पक्षी लागतो. भडकता जाळ लागतो, म्हणजे सरपण अमाप लागते. आणि सळई सारखी फिरवीत राहणारा कोणी तरी लागतो. ज्याच्या घरी या तिन्ही गोष्टी असत त्याच्याच घरी भाजलेला पक्षी असे. आपल्याकडे चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मांसाचे तुकडे सळईत ओवून निखाऱ्यांवर भाजण्याचे प्रकार वर्णिले आहेत. तेही राजाच्या भोगांच्या प्रकरणात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

इंग्लंडात या सळईच्या पायी एका प्राण्याचा जन्म चाकात गेला. सोळाव्या शतकात जॉन कीज या वैद्याने इंग्लंडातील कुत्र्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात स्वयंपाकघरातील एका कुत्र्याचे वर्णन आहे. भिंतीवर बसवलेल्या पोकळ चाकात त्यास चालवीत, व चाकाच्या फिरण्याने सळई फिरे. आखूड पायांची ही जात पुढे यंत्रे आल्यावर नामशेष झाली. पेंढा भरलेला तिचा एक नमुना वेल्समधील अबर्गवेनी येथील संग्रहालयात आहे. सळईखाली ताटली ठेवीत, तीत चरबी ठिबके, आणि ती पळीने पुन्हा पक्ष्याच्या अंगावर ओतीत. त्याच ताटलीत पिठाचे कालवण घालून पुडिंग भाजण्याची चाल अठराव्या शतकात होती; हॅना ग्लास या लेखिकेने १७४७ सालच्या आपल्या ग्रंथात त्यास यॉर्कशर पुडिंग हे नाव दिले. पुढे हे पुडिंग जेवणाच्या आरंभी वाढण्याचा प्रघात पडला, तो अशासाठी की पिठाने पोट अर्धे भरावे आणि महागडे मांस सर्वांस पुरावे. भाजलेल्या मांसाबरोबर पिठाचे नाते होते ते हे. १८६१ साली श्रीमती बीटन यांचे गृहव्यवस्थेवरील विख्यात पुस्तक निघाले. त्यातील भाजलेल्या कोंबडीबरोबरही पावाचा चुरा दुधात शिजवून केलेली चटणी वाढावयास सांगितली आहे. पाव वगळलेली कोंबडी त्या बाईंच्या कल्पनेतही नव्हती.

दरम्यान जाळही बदलत होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस उघड्या शेगडीच्या जागी बिडाच्या बंदिस्त चुली येऊ लागल्या. १८४१ साली लंडनच्या रिफॉर्म क्लबाच्या मुदपाकखान्यात अलेक्सी सोये या फ्रेंच आचाऱ्याने गॅसच्या चुली वापरून दाखविल्या. पुढे ओव्हन घरोघर पोहोचला. जुन्या पारख्यांच्या मते ओव्हनमधील कोंबडी भाजलेली नव्हेच. जाळासमोर मोकळ्या हवेत भाजावे ते भाजणे, आणि बंद पेटीत होते ते पावासारखे शेकणे. शब्दाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खरे आहे. पण मोठ्या चुलाण्याची, सरपणाच्या राशीची व चाकातील कुत्र्याची गरज संपली, आणि राजवाड्यातील पदार्थ दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात करता येऊ लागला, तो या बंद पेटीमुळेच. तांबूस सालीच्या खमंगपणाचे कारणही पुढे उलगडले: १९१२ साली लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने प्रथिनांतील अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात उष्णतेने घडणारी जी क्रिया वर्णिली, तिच्यातूनच हा रंग व हा वास निर्माण होतो.

भाजलेल्या पक्ष्याचा इतिहास हा असा. वगळलेल्या भाकरीचा इतिहास वेगळ्याच ठिकाणी, म्हणजे वैद्याच्या घरी, सुरू होतो. आपल्या चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निंदित अशा आठ पुरुषांत अतिस्थूलाची गणना आहे, व त्याची चिकित्साही सांगितली आहे. परंतु तेथे धान्य वर्ज्य नाही. भाताऐवजी जव, आणि मुगासारखी कडधान्ये, असा बदल सुचविला आहे. धान्यालाच मुळात आरोपी ठरविण्याचे काम युरोपात घडले. इंग्रजी तोफखान्याच्या दलातील शल्यवैद्य जॉन रोलो याने १७९६ साली मधुमेहाने क्षीण झालेल्या एका लष्करी अधिकाऱ्यास जवळजवळ केवळ मांसाहारावर ठेवले व लघवीतील साखर कमी झालेली पाहिली. १७९७ साली त्याने ही हकीकत छापली. पुढे १८२५ साली ब्रिया-सावारँ या फ्रेंच न्यायाधीशाचा रसनेवरील सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकट झाला. त्यात स्थूलतेवर स्वतंत्र विवेचन असून तिचे प्रमुख कारण पीठ व पिष्टमय अन्न हे होय असे त्याने निःशंकपणे म्हटले आहे. त्याचा युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. मांसावर जगणारे पशू कधी लठ्ठ होत नाहीत. उलट जी जनावरे आपण खाण्यासाठी पाळतो त्यांस धान्य, पीठ व बटाटे चारले की चरबी चढते. मग तेच अन्न माणसास लठ्ठ का करणार नाही? चारून पुष्ट केलेल्या ब्रेस प्रांतातील कोंबड्यांची मुक्तकंठाने स्तुती करणाराही हाच गृहस्थ. कोंबडीस जे चारावे तेच आपण टाळावे, असा त्याच्या शिकवणुकीचा मथितार्थ निघतो.

हा विचार विद्वानांच्या ग्रंथांतून सामान्य माणसाच्या पानापर्यंत आणला तो लंडनच्या विल्यम बँटिंगने. बँटिंग हा वैद्य नव्हता. अंत्यविधीची व्यवस्था पाहणे हा त्याच्या घराण्याचा धंदा होता, आणि राजघराण्यातील अंत्ययात्रांचे कामही त्यांच्याकडे असे. ऑगस्ट १८६२ मध्ये त्याचे वय ६६, उंची ५ फूट ५ इंच व वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. वाकून बुटाची नाडी बांधवत नसे. गुडघ्यांवर भार पडू नये म्हणून जिना उलटा, पाठमोरा उतरावा लागे. नाव वल्हवून झाली, निरनिराळ्या गावांचे औषधी पाणी पिऊन झाले, बाष्पस्नाने झाली. वल्हवण्याने भूक तेवढी वाढली. शेवटी ऐकू कमी येते म्हणून तो विल्यम हार्वे या कानाच्या शल्यवैद्याकडे गेला. हार्वेने १८५६ साली पॅरिस येथे क्लोद बर्नार याचे यकृत साखर निर्माण करते याविषयीचे विवेचन ऐकले होते, आणि मधुमेह्यास जे अन्न द्यावे तेच अतिस्थूलास का देऊ नये असा त्याच्या मनात विचार होता. त्याने बँटिंगला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे एवढ्या वस्तू वर्ज्य करावयास सांगितल्या. मांस, मासे, कोंबडी व इतर पक्षी आणि बटाट्यावाचून कोणतीही भाजी यांस मुभा होती. कोरड्या भाजलेल्या पावाचा औंसभर तुकडाही होता. दोन-तीन पेले मद्यही होते. वर्षभरात, सप्टेंबर १८६३ पर्यंत, वजन १५६ पौंडांवर आले. ४६ पौंड उतरले, कंबर बारा इंचांहून अधिक कमी झाली, आणि गृहस्थ जिना सरळ उतरू लागला.

त्याने १८६३ साली ही हकीकत स्थूलतेवरील एका पत्राच्या रूपाने स्वखर्चाने छापून प्रथम फुकट वाटली. मग मागणी एवढी वाढली की आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, व त्यांतील नफा त्याने धर्मादाय कामांस दिला. वैद्यकीय नियतकालिकांनी त्याच्यावर तोंडसुख घेतले. विनोदी पत्रांनी टोप्या उडविल्या. पण त्याचे आडनाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसले, आणि स्वीडिश भाषेत तर वजन उतरविण्यासाठी आहार कमी करणे यास आजही 'बांता' असाच शब्द आहे. योगायोग असा की १९२१ साली टोरांटो येथे चार्ल्स बेस्ट याच्यासह इन्सुलिन शोधून काढणाऱ्या डॉक्टरचे आडनावही बँटिंगच होते. त्या फ्रेडरिक बँटिंगच्या शोधापूर्वी मधुमेह्यास अन्न तोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या शोधानंतर धान्य वगळणे हा जगण्याचा एकमेव मार्ग न राहता अनेकांपैकी एक उपाय झाला.

येथवरची कथा वाचून, अन्न वगळणे ही मोठ्या निग्रहाची व शहाणपणाची गोष्ट आहे, एवढेच तात्पर्य कोणी काढील. परंतु इतिहासाची पाने शेजारी-शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. १८७० च्या सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. तो चार महिने चालला. पाव मिळेना, लोक घोडे व उंदीर खाऊ लागले. त्या काळात बुशार्दा या वैद्याच्या ध्यानात आले की त्याच्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी झाली आहे. उपासमारीने शहर हवालदिल झाले असता मूठभर रोग्यांस मात्र तिचा गुण आला. एकच अभाव एकास औषध व दुसऱ्यास मृत्यू ठरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

याहून जवळचे उदाहरण आमच्याच भूमीतले आहे. विल्यम बँटिंग १८७८ च्या मार्च महिन्यात, ८१ वर्षांचा होऊन, वारला. त्याच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे म्हणजे दख्खनच्या महादुष्काळाची वर्षे होत. १८७६ ते १८७८ या काळात मुंबई व मद्रास इलाख्यांत पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांतील गावेच्या गावे दुष्काळी कामांवर खडी फोडावयास गेली. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी या कामांवरील पुरुष मजुराचे रोजचे वेतन एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा असे ठरविले. बायकामुलांस त्याहून कमी. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसास तेवढ्यावर राहावयाचे होते. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. हिंदुस्थानचा गहू मात्र त्याही काळात विलायतेस जातच होता. बँटिंगच्या नियमाप्रमाणे न्याहारी, जेवण व रात्रीचे खाणे मिळून मांस-मासळीच दिवसाकाठी १२ ते १५ औंस, म्हणजे पाऊण ते जवळजवळ एक पौंड होती. एकाच साम्राज्यात, एकाच काळात, एकाचा पाऊण पौंड मांसाचा आहार 'कमी खाणे' ठरतो आणि दुसऱ्याचा पौंडभर जोंधळा सरकारदरबारी 'पुरेसे खाणे' ठरतो. यात बँटिंगचा काही दोष नाही. तो प्रामाणिक व परोपकारी गृहस्थ होता. पण भाकरी वगळण्याचा अधिकार भाकरीची खात्री असलेल्यासच असतो, हे या दोन आकड्यांवरून शिकावयाचे आहे. आजीच्या तोंडून निघणाऱ्या "भाकरी गेली नाही, मग जेवलास काय?" या प्रश्नात त्या वर्षांची स्मृती नकळत बोलत असते, असे आम्हांस वाटते.

मग राजवाड्यातील पक्षी व वैद्याचा पथ्यपाक आजच्या सामान्य घरी एका पानात कसे आले? पक्षी स्वस्त झाला म्हणून आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या पादापर्यंत अमेरिकेतही कोंबडी हे सणावाराचे अन्न होते. लोक कोंबड्या पाळीत त्या अंड्यांसाठी. १९२३ साली डेलावेअर संस्थानातील सिसिल स्टील या शेतकरीणबाईने ५० पिलांची मागणी केली असता चुकून ५०० पिले आली. तिने ती परत न करता मांसासाठी वाढवून विकली व त्यात तिला नफा झाला. तेथून मांसासाठीच कोंबड्या वाढविण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. १९४८ साली अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' या नावाची स्पर्धा पार पडली, आणि रुंद छातीच्या, झपाट्याने वाढणाऱ्या जाती निवडून काढण्यास वेग आला. आज ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आत विक्रीस तयार होते. भारतातही हा धंदा फोफावला असून महाराष्ट्र त्यात मागे नाही.

तेव्हा हे जेवण आज घरी करावयाचे झाल्यास काही कठीण नाही. दीड किलोची अख्खी कोंबडी आदल्या रात्री मीठ लावून ठेवावी, म्हणजे मीठ आत मुरते व साल कोरडी राहते. दुसऱ्या दिवशी लोण्यात ठेचलेला लसूण, मिरपूड व बारीक चिरलेला पाला कालवून तो सालीखाली व वर चोळावा. पोटात अर्धे लिंबू व काड्या घालाव्या. परका पाला न मिळाल्यास कोथिंबिरीचे देठ व चिमूटभर ओवा घालण्यास हरकत नाही. ओव्याचे व थाइमचे नाते वर सांगितलेच आहे. ओव्हन २०० अंशांवर तापवून सव्वा तासाच्या सुमारास भाजावी. मांडीच्या जाड भागात उष्णता ७४ अंशांस पोहोचली की ती आत नीट शिजली असे समजावे. बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी, म्हणजे रस मांसात मुरतो. खाली जमलेल्या चरबीत फ्लॉवरचे तुरे परतावे. हे त्या जुन्या ताटलीचेच काम होय, फक्त पिठाचे पुडिंग तेवढे नाही. कोंबडीच्या मांसात पिष्टांश जवळजवळ नसतो, १०० ग्रॅम फ्लॉवरात तो सुमारे ५ ग्रॅम असतो, आणि तेवढ्याच शिजलेल्या भातात २८ ग्रॅमच्या आसपास. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर असल्याचे दिसून आले. अशा देशात हा फरक क्षुल्लक नव्हे. मात्र जो इन्सुलिन किंवा साखर उतरविण्याची औषधे घेतो त्याने आपल्या डॉक्टरांस विचारल्यावाचून धान्य एकाएकी सोडू नये, कारण औषध तेच व अन्न कमी झाले तर रक्तातील साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

आता आरंभी ध्यानात ठेवावयास सांगितलेल्या गोष्टीकडे येऊ. या जेवणास आपण धान्यावाचूनचे जेवण म्हणतो. पण ते तसे आहे काय? ब्रॉयलर कोंबडी मका व सोयाबीनची पेंड यांवर वाढते. जिवंत कोंबडीच्या एक किलो वजनासाठी पावणेदोन किलोंच्या आसपास खाद्य लागते, आणि त्यातील मोठा भाग मक्याचा असतो. भारतात पिकणाऱ्या मक्याचा फार मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. म्हणजे आपण पानातून उचलून ठेवलेले धान्य पाठीमागच्या दाराने, पंख लावून, पुन्हा पानात आलेले असते. दाणे टिपावयास रानातून अंगणात उतरलेला पक्षी आजही दाण्यांचाच बनलेला आहे. रोमच्या कायदेकारांस बावीस शतकांपूर्वी दिसलेली ही गोष्ट आपल्या दृष्टीआड झाली आहे, एवढेच.

यावरून हे जेवण करू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या प्रकृतीस ते हितकर आहे त्याने ते अवश्य करावे, व चवीने खावे. पण भाकरी सोडली म्हणजे आपण शेतापासून व शेतकऱ्यापासून मुक्त झालो, किंवा भाकरी खाणाऱ्यांपेक्षा काही वरच्या पायरीवर चढलो, असा भ्रम त्याने बाळगू नये. भाकरी गेली नाही तर जेवलास काय, या आजीच्या प्रश्नास आज द्यावयाचे खरे उत्तर असे आहे: भाकरी गेली, आजी, फक्त यावेळी ती कोंबडीने आधी खाल्ली. घरातील एकाच्या पानात भाजलेली कोंबडी व दुसऱ्याच्या पानात ज्वारीची भाकरी असली, तरी दोघेही एकाच शिवारातले जेवत आहेत, हे उमगले तर त्या प्रश्नातील रागही निवेल, आणि दोन्ही पाने एका पंक्तीस सुखाने मांडता येतील.